नांगी

घोडकाठची वस्ती, निमोणे
तोडणीच्या आधीचा आठवडा

प्रिय भागू,

तुझी आई जेसीबीच्या पुढ्यात खाट टाकून बसली होती, हे तुला व्हॉट्सॲपवरून कळलं असेलच. फोटो कुणी काढला ते मला माहीत आहे आणि त्याच्याकडं मी सवडीनं बघणार आहे. फोटोत माझा पदर खांद्यावरून घसरलाय, तोंड उघडं आहे आणि हातात द्राक्षाची कात्री आहे. त्यामुळं आसपासच्या गावांत बातमी अशी गेली की मच्छिंद्ररावांच्या बायकोनं ऑपरेटरवर कात्री उगारली. तसं काही नव्हतं. सकाळी घड बघायला बागेत गेले होते, मशीनचा आवाज आला म्हणून तशीच पळाले. खाट मात्र मुद्दाम नेली. ओसरीवरची, पट्ट्यांची. उभं राहून भांडलं की माणूस दमतं, बसून भांडलं की दिवसभर जमतं, हे मला या घरात नांदूनच कळलंय.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर ‘बरी आहे’ म्हणतेस आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. म्हणून लिहायला बसले. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारणार नाही. ते सगळेच विचारतात, आणि तू काय सांगणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं. मी आपली इकडची हकिकत लिहिते. तू वाच, मधेच कंटाळा आला तर ठेवून दे, पण शेवटपर्यंत वाच. बारावीपर्यंत माझे निबंध वरवंडच्या शाळेत वर्गापुढं वाचून दाखवायचे, हे तू हजारदा ऐकलंयस, आज एकदा अनुभव घे.

तर झालं असं की आपल्या सम्राटला पांढर विकायचीय. पलीकडं रस्ता रुंद व्हायचं काम चाललंय, त्या ठेकेदाराला भरावाला माती पाहिजे. आपली पांढर म्हणजे आयता ढीग. माती गेली की जागा सपाट होईल, सपाट झाली की तिथं गोडाऊन बांधायचं, असा त्याचा बेत. जागा दोन्ही भावांच्या नावावर आहे. तुझे ज्ञानदेवकाका लेकाच्या, सम्राटच्या, शब्दाबाहेर नाहीत, त्यांची सही झाली. तुझ्या आप्पांची राहिली होती. ती होईलच असं धरून सम्राटनं मशीन आणलं. पांढरीला हात लावू द्यायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. त्या दिवसापासून घरात, शेतात, पिठाच्या गिरणीत मी तेच सांगतेय.

तुला पांढरीचं काय सांगायचं, तू तिथंच वाढलीस. पण मी मात्र बाहेरून आलेली, म्हणून मला ती पहिल्यांदा दिसल्याचं आठवतं. आमचं वरवंड म्हणजे सपाट मुलूख. एका बाजूला तलाव, एका बाजूला हायवे, आणि मधे नजर जाईल तिथवर रान. लग्न होऊन आले तो वैशाख होता. घोड बघितली आणि मनात म्हटलं, हिला नदी कशाला म्हणतात. सगळी वाळू, मधेमधे हिरवट डबकी, त्यात म्हशी. मग धरणातून आवर्तन सुटलं आणि एका रात्रीत पात्र भरलं, तेव्हा गप्प बसले. पलीकडच्या काठाला काळ्या मातीची उभी दरड, अलीकडं वळणावर आपली पांढर. सगळं शिवार काळं आणि मधेच हा एक राखाडी उंचवटा. मी विचारलं, हे काय आहे, तर तुझी आजी म्हणाली, “पांढर हाय. हितं आदी मान्सं ऱ्हात व्हती.” आदी म्हणजे कधी, असं मी विचारलं, तर म्हणाली, “आपल्या आदी.” त्यापुढं तिचा इतिहास जात नव्हता.

गावोगावी असतेच पांढर. चुलीची राख, शेण, भिंतींची माती, असं माणसांनी वापरून वापरून मऊ केलेलं. हातात घेतली तर पिठासारखी लागते. पूर्वी धाब्याच्या घरांवर टाकायला नेत, शेतात खत म्हणून टाकत. आपल्या घराण्यानंही बैलगाड्या भरून, मग ट्रॉल्या भरून नेलीय, मी काही कुणाला साधू म्हणत नाही. पश्चिमेची बाजू खरवडून खरवडून तिथं उभी भिंतच झालीय. त्या भिंतीतून पडलेली खापरं तू आणि सम्राट गोळा करायचात. लाल रंगाची, वर काळ्या रेघा, एखाद्यावर हरणासारखं काहीतरी. त्यातली सगळ्यात गुळगुळीत असेल ती तू ठिकरी म्हणून लंगडीला वापरायचीस, आणि ती हरवली म्हणून एकदा जेवली नव्हतीस. विंचवाच्या भीतीनं मी तुम्हा दोघांना तिकडं चपलेशिवाय जाऊ देत नसे. आणि आप्पा मात्र पांढरीवर चढताना न चुकता चपला काढायचे. तू हसायचीस, देवळात चाललेत जणू, म्हणायचीस. मीही तुझ्याबरोबर हसायचे.

मग मी द्राक्षं लावायचं काढलं. तू तेव्हा शाळेत होतीस, पण तुला ‘दारूवालीची पोरगी’ म्हणून चिडवलं त्याचा राग अजून तुझ्या नाकावर आहे. पांढरीच्या पायथ्याचा तो उतार कुणाच्याच कामाचा नव्हता. वर मुरूम, खाली पांढरीची घसरलेली माती, ऊस तिथं यायचा तो मुलांना दातानं सोलायला बरा असा बोटभर जाडीचा. वाईनच्या कंपनीचा माणूस बांधावर येऊन माती चोळत बसला आणि म्हणाला, मॅडम, इथं वेल माजणार नाही, घड बारीक येईल पण गोडी धरेल, आम्हाला तेच पाहिजे. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, लाव. सगळं गाव शहाणपण शिकवायला आलं. ही बियांची द्राक्षं खाणार कोण, देवापुढं ठेवता येतील का, माळकऱ्यांनी तुझ्या घरचं पाणी प्यावं का. मी सगळ्यांना चहा दिला आणि रोपं लावली. तुझ्या आजीनं पहिल्या वर्षीचा मणी तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला, बिया हातावर काढल्या आणि म्हणाली, “ग्वाड हाय. बिया लय. पन मागनं तोंडात कायतरी ऱ्हातंय.” नंतर कंपनीत लोकांनी पेले हलवून हलवून, नाक घालून घालून जे सांगितलं ते याहून वेगळं नव्हतं.

त्या लागवडीच्या दिवसाचं एक मी तुला कधी सांगितलं नाही. खड्डे घेणं चाललं होतं. दोरी धरून, चुन्याच्या खुणा करून, मजूर एका ओळीनं पांढरीच्या कडेकडेनं वर सरकत होते. तुझी आजी तेव्हा गुडघ्यांनी अधू, उंबऱ्याबाहेर पडत नसे. ती काठी टेकत टेकत एवढा उतार चढून आली आणि शेवटच्या ओळीत एका खुणेवर जाऊन फतकल मारून बसली. भर उन्हात. मजूर म्हणाले, आजी, सरका. ती म्हणाली, “हितं न्हाई.” का नाही म्हणून आप्पांनी विचारलं नाही. ते टोपी काढून डोकं पुसत राहिले. मीही विचारलं नाही. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं. मी मजुरांना म्हटलं, तेवढा खड्डा सोडा आणि पुढचा घ्या.

रोप मेलं आणि ओळीत जागा रिकामी राहिली की तिला नांगी म्हणतात, हे तुला सांगायला नको. दर पावसाळ्याच्या तोंडाला नांग्या भरायच्या असतात, नवीन रोप आणून रिकाम्या जागी लावायचं असतं. दरवर्षी नवीन मजूर येतात आणि दरवर्षी कुणीतरी रोप घेऊन त्या शेवटच्या ओळीतल्या नांगीपाशी जातो. मी जिथं असेन तिथून ओरडते. तू विचारायचीस, आई, तिथं का लावत नाहीस, तर मी म्हणायचे, तिथं वेल धरत नाही. कंपनीचा माणूसही विचारतो. त्यालाही तेच. आता तर वेलींनी दोन्ही बाजूंनी तारेवरून हात पुढं केलेत, मांडवावर बघितलं तर फट दिसत नाही. खाली बघितलं तर कळतं, एक खोड नाही.

तुझं लग्न झालं त्या वर्षी सविता मॅडम आल्या होत्या बघ, पुण्याच्या, जुन्या वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या. तू त्यांना भेटली नाहीस. इनामगावला पूर्वी खणून काढलेल्या वस्तीबद्दल आम्ही नुसतं ऐकून होतो, आपल्या घोडच्याच काठचं ते. बाईंनी आपल्या पांढरीची ती खरवडलेली भिंत बघितली आणि दिवसभर हलल्या नाहीत. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर मला शेजारी बसवून बोटानं एकेक थर दाखवला. ही चूल, ही जळालेली जमीन, हा पुराचा गाळ, ही परत जमीन. इनामगावचे लोक तीन हजार वर्षांमागं जव पेरायचे, नदीतले मासे खायचे, हरणं मारायचे, पाटानं पाणी द्यायचे, आणि इथलेही त्यांच्यातलेच दिसतात, असं म्हणाल्या. पुढं पाऊस कमी होत गेला असावा, तेव्हा चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा मेंढरं जास्त झाली. आपल्या बागेत खतासाठी संपत मेंढ्या बसवतो, तो शेजारी उभा राहून हे ऐकत होता. तो म्हणाला, “म्हंजी वयनी, आमी तुमच्या आदीचं हितलं.” मी म्हटलं, मग मेंढ्या बसवायचे पैसे आमच्याकडून कशाला घेतोस. तो हसला, पण पैसे सोडले नाहीत.

मोठी माणसं मेली की त्यांचे पाय घोट्याखाली तोडून पुरायचे, असंही बाई म्हणाल्या. का, ते कुणाला नक्की माहीत नाही. कदाचित उठून कुठं जाऊ नयेत म्हणून. मला आपल्याकडचे दोन-तीन जण आठवले, ज्यांच्या बाबतीत ही सोय आधीच करायला हवी होती. मी हसत होते, आणि तेवढ्यात त्यांनी भिंतीतली एक जागा ब्रशनं झाडली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. मी विचारलं, धान्याची का? त्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, ताई, हे लहान मूल आहे. तान्ही लेकरं गेली की ते लोक त्यांना असं दोन मडक्यांत ठेवायचे, आणि गावाबाहेर नाही, घरातच, जमिनीखाली पुरायचे. वरून सारवायचे आणि तिथंच राहायचे, स्वयंपाक करायचे, झोपायचे. घरातच का, याच्यावर विद्वानांची बरीच मतं आहेत म्हणाल्या. मला त्यात मतं असण्यासारखं काही दिसलं नाही. एवढंसं लेकरू बाहेर एकटं भिईल, म्हणून. आईला जवळ पाहिजे, म्हणून. मी बाईंना हात जोडले की हे उघडं ठेवू नका. त्यांनी फोटो काढले, मापं घेतली, आणि माती लोटून परत झाकलं. त्यांनी वर अर्जही केलाय, ही जागा राखून ठेवावी म्हणून. तो कागद हलेल तेव्हा हलेल. तोवर खाट आहे.

आता जेसीबीच्या दिवसाचं पुढचं ऐक. मी खाटेवर बसलेली, समोर मशीनचा तो दातांचा सुपडा, आणि भोवती तीसेक माणसं, ज्यांना एरवी बोलावलं तर वेळ नसतो. सम्राट म्हणाला, “काकू, उठा. तमाशा नगं. माती हाय ती, सोनं न्हाई.” मी म्हटलं, “सोनं असतं तर दिलं असतं.” तो म्हणाला, “चार खापरांपायी रस्ता अडवनार का? तुमी दारूची द्राक्षं लावली तवा समद्यांनी ऐकून घेतलं, आन् आमी माती इकली की पाप व्हय?” पोरगं चुकीचं बोललं नाही, मलाही पटलं. मी म्हटलं, “पाप कोन म्हनतंय? मी न्हाई म्हनते. एवढंच.” ज्ञानदेवभावजी पुढं आले, हळू आवाजात म्हणाले, “वयनी, घरात बसून बोलू की.” मी म्हटलं, “घरात बसून बोलायला मशीन घिऊन आला व्हय, भावजी?” बिचारा ऑपरेटर बिहारचा, माझ्याच वयाचा असेल. तो वरून म्हणाला, “दीदी, हम तो नौकरी करते हैं।” मी त्याला म्हटलं, करो बाबा, मैं भी मेरी करती है। माझ्या हिंदीला लोक हसले, तेवढंच वातावरण सैल झालं.

मग आप्पा आले. ते सोसायटीत खताला गेले होते, कुणीतरी फोन केला असणार. सगळ्यांना वाटलं, आता मच्छिंद्रराव बायकोच्या दंडाला धरून नेतात. मलाही आत कुठंतरी तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्यांनी माझी बाजू कधी घेतली नाही आणि माझ्याविरुद्धही कधी गेले नाहीत. त्यांनी गाडी लावली. पांढरीच्या कडेला चपला काढल्या. चढून आले आणि खाटेच्या पायथ्याच्या बाजूला बसले. खाट करकरली. मग कुणाकडंच न बघता, जमिनीकडं बघून म्हणाले, “माजी थोरली लेक हाय हितं. मीच ठिवलीया, माज्या हातानं.”

मशीन तेवढं घुरघुरत होतं. ऑपरेटरनं सम्राटला विचारलं, क्या बोले. त्याला संपतनं सांगितलं. ऑपरेटरनं चावी फिरवून मशीन बंद केलं आणि खाली उतरला. म्हणाला, “बच्ची है तो हम नहीं खोदेंगे, भैया। दूसरा आदमी देख लो।” सम्राट आप्पांना म्हणाला, “आप्पा, हे आमाला कुनी कदी बोललंच न्हाई.” आप्पा म्हणाले, “बोलत न्हाईत आपल्यात.”

हो भागू, तुझ्याआधी एक होती. शिरूरला झाली, चांगली रडत झाली, आणि बारशाच्या आधीच गेली. ताप आला आणि दोन दिवसांत गेली. मी बाजेवर होते. त्यांनी तिला माझ्याजवळून उचलली, टॉवेलात गुंडाळली, आणि आप्पा नि त्यांचे वडील बाहेर पडले. परत आले ते हातपाय धुऊन. जागा आईला सांगायची नसते. आईचा जीव तिथं गुंततो आणि पुढचं लेकरू राहत नाही, अशी आपल्याकडची रीत. बारसं झालेलं नाही, म्हणजे नाव नाही. नाव नाही म्हणजे आठवण काढायला शब्दच नाही. बायका यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि सांगायच्या, विसर, वय आहे तुझं, दुसरं होईल. झालं की. तू झालीस, आणि तुझ्याएवढा आनंद मला कशानं दिला नाही. पण तू झालीस म्हणून ती झाली नव्हती असं कसं होईल?

जागा मला तुझ्या आजीनं दाखवली, ती त्या खुणेवर येऊन बसली तेव्हा. रीत पाळायची म्हणून तोंडानं नाही सांगितली. त्यानंतर ती गेली तोवर आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. बाकीचं मला परवा संध्याकाळी आप्पांनी सांगितलं, मशीन गेल्यावर, त्याच खाटेवर बसून. आपल्यात एवढ्या लहान लेकराला नदीकाठी पुरतात. आजोबा तिकडंच निघाले होते. तुझ्या आजीनं वाट अडवली आणि म्हणाली, “नदी न्हेईल तिला. पांढरीत ठिवा. पांढर म्हंजी वस्ती, लेकरू वस्तीत असू द्या.” भागू, तिला अक्षरओळख नव्हती, इनामगाव तिनं ऐकलं असेल तर बाजाराच्या वाटेवरचं गाव म्हणून. तरी तिनं तेच केलं, जे भिंतीतल्या त्या मडक्यांतल्या लेकराच्या आईनं केलं. आप्पा हे सांगताना रडले. मी त्यांना रडू दिलं आणि थोडी चिडलेही, की मेल्या, एवढी वर्षं एका ताटात जेवलो, एका शब्दानं सांगितलं असतंस तर काय झालं असतं. मेल्या मनात म्हटलं हं, तोंडावर नाही.

भांडण मिटलं असं समजू नकोस. दुसऱ्याच दिवशी भावजींचा निरोप आला की तेवढी हातभर जागा सोडतो, दगड लावून कुंपण करून देतो, बाकीची माती उचलू द्या. निरोप घेऊन सम्राटच आला होता, मान खाली घालून. मी त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, नाही. हातभर नाही आणि वीतभर नाही. माझी एकटीच नाही तिथं. त्या भिंतीतलं लेकरूही कुणाची तरी थोरली असेल, आणि तिची आई आज खाट घेऊन येऊ शकत नाही. त्याला पटलं का माहीत नाही. जाताना म्हणाला, “काकू, आजीसारकं बोलायला लागलाव तुमी.” आता मोजणी आणतील, वाटणी मागतील, आप्पांच्या सहीसाठी पाहुण्यारावळ्यांना मधे घालतील. आणू देत. विंचू एकदा हरला की नांगी टाकतो म्हणतात. मी नांगी टाकणार नाही आणि ती नांगी भरूही देणार नाही.

आणि भागू, हे सगळं मी तुला संक्रांतीच्या आठवड्यात सांगायला हवं होतं का, ठाऊक नाही. तेव्हा मी दवाखान्यात तुझे पाय चोळत बसले होते आणि बाहेरच्या बाकावर तुझ्या सासरच्या बायका तेच वाक्य बोलत होत्या, दुसरं होईल. तुझी मुलगी तुला दाखवली नाही. तुझे सासरे आणि पृथ्वीराजराव तिला घेऊन गेले आणि हातपाय धुऊन आले. पुण्याच्या अकराव्या मजल्यावरही रीत तीच. तू जागा विचारलीस आणि त्यांनी सांगितली नाही, म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस, मग सगळ्यांशीच, हे मला पृथ्वीराजरावांनी फोनवर सांगितलं. त्यांच्यावर राग धरू नकोस. त्यांना कुणी सांगितलं तसं ते वागले, आणि फोनवर ते आप्पांसारखेच रडत होते. मी त्यांना रीत मोडायला सांगितलंय. हे पत्र घेऊन आप्पा आलेत, खाली गाडीत बसलेत, वर येणार नाहीत, त्यांना लिफ्टमध्ये गरगरतं. तू तोंड धू, खाली उतर, आणि तिघं मिळून जा. पृथ्वीराजराव तुला जागा दाखवतील. तिथं हवं तेवढं बस. कुणी उठ म्हटलं तर माझं नाव सांग. मग तिथली मूठभर माती पदरात घे आणि घरी ये. पुढच्या आठवड्यात तोडणी आहे, घड काळे झालेत, बागेला वास सुटलाय. शेवटच्या ओळीतली नांगी मी झाडून, पाणी मारून ठेवलीय, दोघींना पुरेल एवढी ती आहे. एकच कर, येताना वाटेत तुझ्या लेकीचं नाव ठेव आणि मला मोठ्यानं सांग. माझ्या लेकीचं मी बाजेवर असतानाच ठेवलं होतं, मनातल्या मनात, आणि आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

तुझीच, आणि सारिकाचीही,
आई